कळसूबाईच्या वरची हवा

उणे एक

जपानमधल्या आमच्या निशी-कसाईत उंच म्हणाव्यात त्या फक्त इमारती. जमीन भरतीच्या पाण्याच्या खाली आहे. हे मला नऊ वर्षं माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टीबद्दल न बोलणं मला सहज जमतं, त्यामुळे घरात तो विषय कधी निघाला नव्हता.

तो काढला अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. सासूबाई गेल्यावर घरात एकटेच असतात, म्हणून मेधानं त्यांना दिवाळीला इकडे बोलावून घेतलं होतं. आल्यावर दोन दिवस विमानाचा शीण काढला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ईराला, म्हणजे चौदा वर्षांच्या नातीला घेऊन ते नदीकाठी फिरायला गेले. बांधाच्या पायऱ्या चढले, एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा मागच्या रस्त्याकडे पाहिलं आणि तिथूनच मेधाला फोन लावला.

"मेधा, तुझं घर नदीच्या खाली आहे. तुला कोणी सांगितलंय का?"

घरी आल्यावर त्यांनी वॉर्डानं घरोघर वाटलेला पुराचा नकाशा मागून घेतला. आमच्या भागावर काय लिहिलंय ते ईराकडून वाचून घेतलं. मोठा पूर आला तर इथे राहू नका, दुसरीकडे जा, असा त्याचा अर्थ. अप्पा खूश झाले. सरकार इतकं स्पष्ट बोलतं हे त्यांना फार आवडलं. मग त्यांनी जाहीर केलं की आपण इथून, या उणे एक मीटरवरून निघायचं आणि गुडघे न वापरता जेवढं वर जाता येईल तेवढं जायचं.

ईरानं त्यांच्या फोनवर उंची दाखवणारं ॲप टाकून दिलं. दिवाळीचा फराळ उरला होता. मेधानं चिवड्याची मोठी पिशवी भरली आणि छोट्या मशीननं तिचं तोंड चिकटवून टाकलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फराळ द्यायला तिनं ते मशीन घेतलंय, आणि हाताशी आलं की ती काहीही सीलबंद करते.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सोडून मला हा प्रवास सांगता येणार नाही. मार्चमध्ये आम्ही कायमचे परत जाणार होतो. मेधानं अप्पांना तसं सांगितलं होतं आणि अप्पांनी साताऱ्याच्या घराचा वरचा मजला आमच्यासाठी दुरुस्त करून घेतला होता. कमोड, इन्व्हर्टर, ईरासाठी खिडकीशी टेबल. पुण्याचं ऑफिस आणि शनिवार-रविवार सातारा, असं ठरलं होतं. आणि या प्रवासाच्या तीन आठवडे आधी कावासाकीच्या ऑफिसात माझ्या साहेबांनी विचारलं होतं की आणखी तीन वर्षं थांबाल का, घरच्यांचं काय? मी म्हणालो, दाइजोबु. म्हणजे काही अडचण नाही. त्या एका शब्दात मी चौघांच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा झालो आणि घरी येऊन चकलीला सोऱ्या फिरवत बसलो.

का, तर पुण्याच्या ऑफिसची मला भीती वाटते. इथे माझ्या गप्प बसण्याला लोक सभ्यपणा समजतात. पुण्यात त्याला काय म्हणतात ते मेधाला विचारा.

प्रवासात सांगू, असं मी ठरवलं होतं. डोंगरावर गेलं की माणसाला धीर येतो असा काही माझा समज नव्हता. तिथून कोणी दार आपटून निघून जाऊ शकत नाही, एवढाच माझा हिशेब होता.

कोफु, दोनशे सत्तर

शिंजुकूहून गाडी सुटली की तासभर नुसती घरं. मग डोंगर अंगावर येतात, बोगद्यामागून बोगदे लागतात आणि शेवटच्या लांब बोगद्यातून बाहेर पडलं की समोर एकदम परातीसारखं खोरं पसरलेलं दिसतं. चारी काठांना डोंगर, उतारांवर द्राक्षांचे मांडव, तळाला कोफु शहर.

अप्पांनी कपाळ काचेला टेकवलं ते काढलंच नाही. आपला सह्याद्री वरून टेबलासारखा सपाट, हे मात्र सगळे टोकदार, कागद चुरगाळून ठेवल्यासारखे, असं त्यांचं चाललं होतं. मग म्हणाले, "आपल्याकडे एकदा घाट चढला की देश लागतो, माणूस निवांत होतो. इथे घाट चढला की पुढचा घाट."

मी हं म्हणालो. सांगायला ही जागा वाईट नव्हती. पण इथल्या गाडीत कोणी मोठ्यानं बोलत नाही, हे कारण मला तयारच मिळालं.

कोफुत जेवायला उतरलो. इथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे ‘होतो’ नावाचा पदार्थ. जाड, रुंद शेवया आणि लाल भोपळा, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात रटरट शिजवलेलं. अप्पा शुद्ध शाकाहारी आणि जपानी रश्शात बहुधा मासळी असतेच. ईरानं काउंटरमागच्या बाईंना आजोबांची अडचण समजावून सांगितली. बाईंनी थोडा विचार केला आणि नुसत्या मिसोत भोपळा, मश्रूम, बटाटा घालून वेगळं लोखंडी भांडं चढवलं. अप्पांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि मेधाकडे पाहिलं.

"चकोल्या आहेत गं ह्या. डाळ तेवढी विसरले."

मेधा हसली. सासूबाई चकोल्या फार चांगल्या करायच्या. अप्पांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं. बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी जाताना अप्पांच्या हातात द्राक्षांचा घोस ठेवला.

नोबेयामा, तेराशे पंचेचाळीस

कोबुचिझावाला गाडी बदलली. पुढची गाडी दोन डब्यांची, डिझेलवर धापा टाकत चढणारी. रूळ मोठा वळसा घेतात आणि मघाशी समोर असलेला डोंगर बघता बघता पाठीमागे जातो. हजार मीटर ओलांडल्यावर अप्पांना राहवेना. ॲपवरचे आकडे ते मोठ्यानं वाचायला लागले. मेधानं दोनदा कोपर मारलं. समोरच्या बाकावरच्या आजींनी ईराला विचारलं, हे काय म्हणतात? ईरानं सांगितल्यावर आजींनाही त्यात रस आला. प्रत्येक स्टेशनला त्या अप्पांकडे बघून भुवया उंचावायच्या, अप्पा बोटांनी आकडा दाखवायचे आणि आजी पसंतीची मान हलवायच्या. उतरताना त्यांनी दोन पर्सिमन, टोमॅटोसारखी दिसणारी नारिंगी फळं दिली. भाषा न येता अप्पांनी दिवसभरात द्राक्षं आणि पर्सिमन कमावले होते. मला भाषा येऊन नऊ वर्षांत कोणी काही दिलं नव्हतं.

नोबेयामा हे जपानच्या नेहमीच्या रेल्वेवरचं सर्वांत उंच स्टेशन. फलाटावर तसा खांब आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढतो. अप्पा खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी आकडा पाहिला.

"म्हणजे महाबळेश्वर. बरोब्बर महाबळेश्वर. रिकामं."

खरंच रिकामं होतं. लांबच लांब कोबी आणि लेट्यूसची शेतं, काळी माती, कडेला पिवळीधमक झालेली लार्चची झाडं आणि मागे आडवी पसरलेली डोंगरांची रांग. घोडेवाले नाहीत, मक्याची कणसं नाहीत, कोणी हॉटेल दाखवायला मागे लागत नाही. स्ट्रॉबेरी विथ क्रीमच्या जागी दुधाचं आइस्क्रीम मिळालं. बोटं गारठलेली असताना आम्ही चौघांनी ते उभ्याउभ्या खाल्लं. अप्पा माकडटोपीत होते.

संध्याकाळी नाकाझावा-सानांकडे जेवायला जायचं होतं. ते आमच्या ऑफिसातले माझे सीनियर. निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिलेत आणि कोबी लावतात. मी जपानला आलो तेव्हा कचरा कसा वेगळा करायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या बायकोनं मेधाला स्वयंपाकघरात लोणचं दाखवायला नेलं. बाहेर कोतात्सूत, म्हणजे खाली हीटर लावलेल्या बैठ्या टेबलाच्या दुलईत पाय घालून आम्ही बसलो. अप्पा आणि नाकाझावा-सान यांचं मातीबद्दल बोलणं रंगलं. मधे ईरा, दोन्हीकडे मान फिरवत भाषांतर करत होती.

मग नाकाझावा-सान अचानक दुलईतून पाय काढून मागे सरकले. गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात चटईवर टेकवले आणि अप्पांसमोर कपाळ खाली नेत सावकाश, जुन्या वळणाचं बोलू लागले. ते म्हणत होते की अजित-सान आणखी तीन वर्षं थांबतायत, ही घरच्यांची मोठी कृपा आहे. या वयात मुलगी दूर राहणं तुम्हाला जड जात असेल. कंपनीच्या जुन्या माणसांच्या वतीनं मी तुमची माफी मागतो आणि आभार मानतो.

इथे अशी रीतच आहे. माणूस स्वतःला कामाला वाहून घेतो त्याबद्दल आभार त्याच्या घरच्यांचे मानायचे असतात. साहेबांनी त्यांना कळवलं असणार आणि घरच्यांना माहीतच नसेल अशी शंका त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

अप्पा ईराकडे बघत होते. ईरानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग ती आजोबांकडे वळली.

"ते म्हणतायत, यंदा कोबी चांगला आलाय."

अप्पांनी हात जोडले आणि छान, छान म्हणाले.

निघताना दारात बूट घालताना ईरा माझ्या शेजारी बसली. ती माझ्याशी एरवी जपानीत बोलते. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरातला रिवाज. त्या संध्याकाळी ती मराठीत बोलली.

"खरंय?"

मी मान हलवली.

"आईला माहितीये?"

मी मान हलवली, दुसऱ्या दिशेनं.

"मी आजोबांशी खोटं बोलले बाबा. तुझ्यामुळे. उद्या आपण डोंगरावर रोपवेनं जातोय, त्याच्या वरच्या स्टेशनपर्यंत तुला वेळ आहे. नाहीतर मी नीट ट्रान्सलेट करते."

सोळाशे सेहेचाळीस

सकाळी नाकाझावा-सानांनी त्यांची छोटी गाडी दिली. पण देण्याआधी माझ्याच फोनवरून मला एका दिवसाचा विमा काढायला लावला आणि तो निघाल्याचा मेसेज स्वतः वाचून मगच किल्ली हातात ठेवली. बरोबर एक कोबीही दिला. तो मागच्या सीटवर अप्पा आणि मेधाच्या मधे बसला. ईरा माझ्या शेजारी, हाताची घडी घालून.

खिंडीकडे चढणारा रस्ता भूर्जांच्या जंगलातून जातो. पांढरी खोडं, पानं बहुतेक गळलेली, ऊन सरळ जमिनीपर्यंत पोचलेलं. अप्पांनी फोन डोळ्यांसमोर धरला होता. चौदाशे, पंधराशे असं पुटपुटत होते. मग एकदम त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"अजितराव, थांबवा गाडी. कळसूबाई आलं."

गाडी कडेला घेतली. अप्पा उतरले, थोडं पुढे-मागे चालून फोनवर हवा तो आकडा आणला आणि एका भूर्जाच्या बुंध्याशी उभे राहिले. तरुणपणी ते शाळेची मुलं घेऊन दर वर्षी कळसूबाई चढायचे. शिखरावरच्या साखळ्या, देवळातली घंटा, खाली दिसणारं भंडारदऱ्याचं पाणी, सगळं त्यांनी ईराला सांगितलं.

"इथे महाराष्ट्र संपला," ते म्हणाले. "याच्या वर आपल्याकडे फक्त हवा आहे."

मेधानं डब्यातून बेसनाचे लाडू काढले. शिखरावर पोचल्यावर खायचं असतं म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही लाडू खाल्ले. एक ट्रक गेला. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. बहुधा त्या झाडात काय विशेष आहे ते त्याला कळलं नाही.

ईरानं मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, "अप्पा, ते काल..." अप्पा म्हणाले, "काल?" मी म्हणालो, "काल ते ‘होतो’ बरे होते ना." ईरानं डोळे मिटून घेतले.

बावीसशे आणि वर

खिंड ओलांडून पलीकडे उतरलो तर रोपवेचं खालचं स्टेशनच कळसूबाईच्या वर. डबा बसएवढा मोठा, आत सगळे उभे. खाली झाडांचे शेंडे सरकत होते. मेधानं मला बॅग दाखवली. चिवड्याची पिशवी आत फुगून उशीसारखी झाली होती. मी त्या फुगलेल्या, तोंड बंद पिशवीकडे बघितलं आणि मला ती फार ओळखीची वाटली.

वर एक विलक्षण जागा आहे. जुन्या लाव्ह्याचे काळे दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे, त्यांच्यात कमरेइतके खुजे पाइन, आणि मधून दोन्ही कडांना दोऱ्या बांधलेली चिंचोळी पायवाट. वारा असा की अप्पांच्या माकडटोपीच्या आतूनही त्यांचे डोळे पाण्यानं भरले. पण तो वाऱ्याचाच परिणाम होता. ते अतिशय खूश होते. हा आपल्या दख्खनसारखाच लाव्हा, फक्त आपला म्हातारा आणि हा पोरगा, असं म्हणून त्यांनी एका दगडावर हात फिरवला. बाटलीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, झाकण घट्ट लावलं, दगडावर टेकले आणि मेधाकडे चिवडा मागितला.

पिशवी ढोलासारखी ताणली होती. अप्पा म्हणाले की समुद्राच्या खालची हवा कोंडलीय बिचारी. आणि मेधा थांबा म्हणेपर्यंत त्यांनी कोपरा दातात धरून ओढला.

फट्ट असा आवाज झाला आणि चिवडा उडाला. पोहे, दाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सगळं दगडांवर, पायवाटेवर, अप्पांच्या टोपीवर. मागून येणारं एक जोडपं जागच्या जागी थांबलं.

इथल्या डोंगरात अन्नाचा कण टाकत नाहीत. प्राण्यांना चटक लागते, झाडांचं बिघडतं, खाली तशी पाटीच आहे. त्यामुळे पर्याय नव्हता. आम्ही चौघं उकिडवे बसलो आणि पोहा पोहा वेचायला लागलो. ते जोडपंही खाली बसलं आणि त्यांच्या बाजूचं वेचायला लागलं. बोटं बधिर झाली होती. दगडांच्या खाचांतून शेंगदाणे निघत नव्हते. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला जन्मात याहून सोयीची जागा मिळाली नसती.

"मी आणखी तीन वर्षं थांबायला हो म्हणालोय," मी दगडाला सांगितलं. "ऑफिसात. कोणाला विचारलं नाही."

मेधाचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे मी हा चिवडा परतत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

तिनं मुठीतले पोहे पिशवीत टाकले. "तू तेव्हा म्हणालास, मीठ बरोबर आहे."

पुण्याची भीती वाटते हेही मी सांगितलं. तिला ते माहीत होतं, पण मी तोंडानं कधी सांगितलं नव्हतं. अप्पांकडे वळून मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. टोपीवरचा कढीपत्ता त्यांनी काढला आणि पिशवीत ठेवला.

"काहीतरी आहे एवढं मला कालच कळलं होतं. कोबीसाठी कोणी इतकं वाकत नाही, अजितराव."

ईराला हसू आवरेना. मग तिला एकदम रडू आलं आणि आजोबांनी तिला टोपीसकट जवळ घेतलं. तो वरचा मजला, ते टेबल, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. न बोललेलं मला चांगलं ऐकू येतं.

"आता विचार," मेधा म्हणाली.

"काय?"

"जे तेव्हा विचारायचं होतंस ते. एकेकाला."

मग मी विचारलं. बावीसशे मीटरवर, उकिडवा बसून. ईरा बराच वेळ दाणे वेचत राहिली. मला कोणी कधी विचारलंच नाही म्हणून मी काही ठरवलंच नव्हतं, असं आधी जपानीत म्हणाली. मग आजोबांसाठी मराठीत म्हणाली की तिला तिच्या वर्गाबरोबर मिडल स्कूल पूर्ण करायचंय. म्हणजे मार्चनंतर आणखी एक वर्ष. मेधा म्हणाली एक, तीन नाही. आणि जानेवारीपासून दोन महिने ती साताऱ्याला जाणार, इथला स्वयंपाक, ईराचा डबा आणि जळणारा, न जळणारा, सगळा कचरा माझ्याकडे. अप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की कमोड कुठे पळून जात नाही. आणि मग हळूच म्हणाले, एक वर्ष म्हणजे एकच ना?

"एकच," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला. वारा आहे."

मी मोठ्यानं बोललो. त्या जोडप्यानं वेचलेले पोहे रुमालात बांधून दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरले. मेधानं बॅगेतून दोन लाडू काढून त्यांना दिले.

पुन्हा उणे एक

उतरताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही, पण ती शांतता माझी नव्हती, म्हणून बरी वाटली. मेधा पुढे दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. त्यात तिची चूक नाही.

सोमवारी इथल्या रिवाजाप्रमाणे नोबेयामाच्या दुधाच्या बिस्किटांचा खोका घेऊन ऑफिसात गेलो. सगळ्यांच्या टेबलावर एकेक ठेवून झाल्यावर साहेबांना गाठलं आणि तीन नाही, एकच वर्ष म्हणून सांगितलं. त्यांनी दातांतून लांब श्वास आत ओढला. अडचण आहे हे सांगायची इथली ती पद्धत. मग विचारलं की घरच्यांचं काय? मी म्हणालो, या वेळी विचारून आलोय. ते थोडा वेळ खोक्याकडे बघत राहिले आणि त्यांनी अजून एक बिस्कीट उचललं. दोन आठवड्यांनी त्यांचा होकार आला.

घरी बॅगा उपसताना अप्पांची ती रिकामी पाण्याची बाटली सापडली. वर झाकण घट्ट लावलेलं होतं आणि खाली येता येता कोणीतरी मुठीत दाबल्यासारखी ती आत गेली होती. प्लास्टिक बाटल्यांच्या कचऱ्याला झाकण वेगळं काढावं लागतं. मी ते काढायला गेलो तर अप्पा ओरडले. आत वरची विरळ हवा होती. बाटली त्यांनी सदऱ्यात गुंडाळून सुटकेसमध्ये घातली.

साताऱ्याला पोचल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. वरच्या मजल्यावर होते. मागे खिडकी, खिडकीत अजिंक्यतारा, आणि ईराच्या टेबलावर ती बाटली.

"सातारा सातशे-साडेसातशे मीटर आहे," ते म्हणाले. "बघा, जरा सुटलीय. निशी-कसाईत होती तेवढी दबलेली नाही. पण पूर्ण नाही फुगली."

ईरानं विचारलं, उघडून टाकायची का मग?

"नाही," अप्पा म्हणाले. "तुम्ही आलात की उघडू. तोवर राहू दे तुझ्या बाबांच्या नावानं."